सहीच्या वरच्या दोन ओळी

आधी सही आणि मग मजकूर, हा उलटा धंदा मी किती वर्षं केला ते विचारू नका. कोर्टाबाहेर टेबल लावून बसलेल्या कुठल्याही टायपिस्टला विचारलंत तर तो आधी कानावर हात ठेवेल, आणि चहा पाजलात तर हसेल. स्टॅम्प पेपर येतो, त्याच्या तळाशी कुणाची तरी सही नाहीतर अंगठा आधीच असतो आणि वरची कोरी जागा आपण भरायची असते. याला आमच्यात मजकूर बसवणं म्हणतात. मजकूर सहीच्या बरोबर वर संपला पाहिजे. अलीकडे संपला तर उरलेल्या जागेत मागाहून कुणी काही घुसडेल, आणि पलीकडे गेला तर अक्षरं सहीवर चढतात, मग कागदाकडे शेंबडं पोरही संशयाने बघेल. ओळींमधलं अंतर, समास, अक्षरांचा आकार असं सगळं चिमटीचिमटीने कमीजास्त करत तो जागेत बसवायचा. पिंपरीच्या कोर्टाबाहेर आमच्या रांगेत हे काम माझ्याइतकं सुबक कुणाचंच नव्हतं. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

हे टेबल दुपारचं. सकाळी मी एका वकिलांकडे टायपिंगला जायचे. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सरांचं ऑफिस म्हणजे जुन्या इमारतीतली दीड खोली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली फायलींचे ढीग, आणि एकच धड खुर्ची, ती आलेल्या माणसासाठी. सर स्वतः उभ्यानेच मजकूर सांगायचे. त्यांचे वडील एका मोठ्या कंपनीत संडास साफ करायला होते. त्या कंपनीच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे बसून सरांनी शाळेचा अभ्यास केला आणि पुढे वकील झाल्यावर पहिला दावा त्याच कंपनीवर लावला. मिठाला जागला नाही असं तेव्हा त्यांच्या नात्यातले लोकही म्हणाले होते. सर त्यावर म्हणायचे की वडिलांनी तिथे मीठ खाल्लं नव्हतं, दुसऱ्यांनी खाल्लेलं उपसलं होतं.

सरांचं उभ्या आयुष्याचं भांडण एकच. मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात आणि मरणारी माणसं ठरावीक जातींचीच असतात. भोसरी, तळवडे, चाकण, जिथे जिथे असं कुणी मेलं तिथे सर पोचायचे. विधवेच्या बाजूने उभे राहायचे, बरेचदा जिंकायचेही. पण निकाल हातात आला की त्यांचा चेहरा पडायचा. कारण निकालात लिहिलेलं असायचं, दुर्दैवी घटना. सरांना ते शब्द खटकायचे. अपघाताला जात कळते का, असं ते विचारायचे. कळत नसेल तर इतक्या वर्षांत दुसऱ्या जातीचा एकही माणूस त्या टाकीत का सापडला नाही? या माणसाला त्याच्या जातीमुळे खाली पाठवलं, एवढं एक वाक्य कुठल्या तरी न्यायाधीशाने आपल्या सहीने लिहावं, म्हणजे पुढच्या प्रत्येक दाव्यात ते पुढे ठेवता येईल, हा त्यांचा ध्यास होता. बाकी भरपाई वगैरे त्यांच्या लेखी वरची चटणी होती.

त्यांच्या याचिका टाइप करून करून मला कायदा पाठ झाला होता. कंपनीला काय काय दाखवावं लागतं, ठेकेदार कुठे अडकतो, कुठे सुटतो, सगळं. सर म्हणायचे की अशा प्रत्येक दाव्याचा सगळा भार एका प्रश्नावर असतो, त्याला उतरायला कुणी सांगितलं. कुणी सांगितलं हे सिद्ध झालं की ठेकेदार अडकला. कुणीच सांगितलं नव्हतं, तो आपणहून उतरला, असं झालं की सगळे मोकळे. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं की बोटं आपोआप चालायची. आणि इतक्या वर्षांत सरांनी माझ्या कामाबद्दल चांगला शब्द म्हणून काढला नाही. चूक सापडली की लाल पेनाने गोल, नाही सापडली तर गप्प. त्यांच्या लेखी मी मशीनच्या पुढे बसलेलं आणखी एक मशीन होते. हे मी रागाने लिहिते आहे हे मला कळतंय. पण पुढे जे झालं त्याच्या मुळाशी हा राग आहे, म्हणून आधीच सांगते.

दुपारच्या टेबलावर सगळं चालायचं. नाव बदलण्याची प्रतिज्ञापत्रं, गाड्यांचे करार, रहाटणीच्या फ्लॅटवाल्यांचे भाडेकरार. भाडेकरारात घरमालक सांगायचे की भाडेकरूने घरात मटण-मासळी शिजवू नये असं एक कलम टाका, आणि मी डब्यातला बोंबील खाता खाता ते कलम टाकायचे. आम्ही बौद्ध. वडील कंपनीत फिटर होते, नवऱ्याची कंपनी चाकणला गेली तेव्हा तो कायमचा कंत्राटी झाला. घरात एक खात्रीचं उत्पन्न माझ्या बोटांचं. टाइप करणारा काही लिहीत नसतो, लिहून घेणारा लिहीत असतो, आपण फक्त बोटं, असं मी रांगेतल्या नव्या मुलींना शिकवायचे. स्वतःलाही तेच शिकवलं होतं.

अशाच एका दुपारी एक ठेकेदार आला. महाळुंग्याकडच्या जुन्या घरातला. जमिनी कंपन्यांना गेल्यावर कंपन्यांनी गावातल्या ज्या लोकांना माणसं पुरवण्याचे ठेके दिले त्यांतला एक. स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही. आला की ताई म्हणायचा, सगळ्या रांगेला चहा सांगायचा. त्याच्याजवळ नऊ स्टॅम्प पेपर होते. नऊ कामगार, नऊ वेळा तीच गोष्ट, तळाशी सही आणि वर कोरं. कामावर घेतानाच सह्या घेऊन ठेवल्या होत्या. साक्षीदार म्हणून त्याच्याच गाडीच्या ड्रायव्हरची सही. प्रत्येकाकडून हमीपत्र हवं होतं, की मी कामावर नीट वागेन, नियम पाळेन, दारू पिऊन येणार नाही.

“ताई, जरा पक्कं करा,” तो म्हणाला. “उद्या कोनाचं काय बरंवाईट झालं तर आमी कुटं कोर्टात फिरत बसायचं? आमाला ती सवय न्हाई.”

आठ कागद झाले. आठांवर सह्या साधारण एकाच उंचीवर होत्या, मजकूर ठाकठीक बसला. नवव्या माणसाने सही खाली केली होती, बाकीच्यांपेक्षा दोन बोटं खाली. शाळेत जेमतेम गेलेल्या माणसाची सही, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं, शेवटचं अक्षर कडेला जागा न पुरल्यामुळे दाटीने बसवलेलं. वर मजकूर संपत होता आणि त्याच्या नि सहीच्या मध्ये दोन ओळींची जागा उरत होती. अशा वेळी साधा मार्ग म्हणजे मोकळ्या जागेवर तिरकी रेघ मारायची. मला ती रेघ कधी आवडली नाही. कागद फाटका दिसतो. अंतर वाढवून पाहिलं तर मजकूर विरळ दिसायला लागला. मग मी दोन ओळी माझ्या मनाने लिहिल्या.

काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगते, कारण ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. मला सुरक्षेची सर्व साधने दाखवून समजावून देण्यात आलेली आहेत. कोणाच्याही सांगण्याशिवाय मी टाकी, गटार अथवा अन्य जागी स्वतःहून उतरल्यास होणाऱ्या परिणामास मी एकटा जबाबदार राहीन.

बरोबर दोन ओळी. शेवटचा पूर्णविराम सहीच्या वर नखाएवढ्या अंतरावर पडला. सहीच्या एकाही मात्रेला अक्षर लागलं नाही. ठेकेदाराने ओळींखालून बोट फिरवत वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. म्हणाला की वकिलापेक्षा भारी लिहिता तुम्ही, बाकीच्या आठांवरही हेच घालता येईल का? मी म्हटलं जागा नाही, परत सह्या आणाव्या लागतील. तो म्हणाला राहू द्या, बघू पुढच्या वेळी.

त्या दिवशी मी घरी खुशीत गेले. हे लपवून काय मिळणार? कायदा कळणारं माझं डोकं इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं, आणि ते एका ठेकेदाराने ओळखलं होतं याचं मला काहीही वाटलं नाही. कागद म्हणजे कागद. असे शेकडो कागद कपाटात पडून वाळवीच्या पोटात जातात.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात चाकणच्या कंपन्यांतून धुलाई सुरू असते. मशीनची पूजा असते, साहेब लोक कुटुंबाला घेऊन येतात, त्यामुळे कानाकोपरा चकाचक हवा असतो. महाळुंग्याच्या त्या कंपनीत कँटीनच्या मागची टाकी नेमकी तेव्हाच तुंबली. उपसणाऱ्या गाडीचा पाइप आत अडकला. तो मोकळा करायला एक माणूस खाली उतरला आणि वर आला नाही. तो नववा माणूस.

त्याची बायको सरांकडे आली तेव्हा मी तिथेच टाइप करत होते. मराठवाड्यातून आलेली, तिशीच्या आतली, स्वतःही दुसऱ्या एका कंपनीत फरश्या पुसायला. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसली नाही. तिने सांगितलं की त्या दिवशी त्याची सुट्टी होती. जेवायला बसला होता, सुपरवायझरचा फोन आला, अर्ध्या ताटावरून उठला. टाकीचं काम आहे, अर्ध्या तासात येतो म्हणाला. त्याचा फोन त्याच्याबरोबर टाकीत गेला. सरांनी शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाले, नवी फाइल काढ. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर होता. सुट्टीच्या दिवशी फोन करून बोलावलेला माणूस, त्या कंपनीत टाकीच्या कामाला आजवर बोलावलेले सगळे एक-दोनच जातींचे, आणि बायको बोलायला घाबरत नाही. सर म्हणाले की आपल्याला हवं ते वाक्य मिळालं तर याच दाव्यात मिळेल. तो ठेकेदार कोण हे मी विचारलं नाही. महाळुंग्यात ठेकेदार काय कमी आहेत, अशी स्वतःची समजूत घातली.

दावा लागला. समोरच्यांनी उत्तर दिलं की फोन पूजेच्या साफसफाईसाठी केला होता, टाकीत उतरायला कुणीही सांगितलं नव्हतं. आणि पुरावा म्हणून एक कागद जोडला. सरांनी त्याची प्रत माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, वाच.

वाचायची गरज नव्हती. टेबलावरच्या कागदांत मथळ्याखाली मी नेहमी दुहेरी रेघ मारते, सरांना चालत नाही म्हणून त्यांच्या याचिकांत नसते, ती होती. माझा समास होता. खाली ती एकेक अक्षर काढलेली सही होती.

सर येरझारा घालत होते. म्हणाले, हे ठेकेदाराचं डोकं नव्हे, त्याच्या वकिलाचंही नव्हे. नेमका कुठला प्रश्न आपण विचारणार हे ज्याला आधीपासून माहीत आहे त्याने हे लिहिलंय. मग थांबून म्हणाले, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.”

मी मशीन चालू केलं आणि त्यांनी सांगितलेलं उत्तर टाइप करायला लागले. त्यात एक वाक्य असं होतं की सदर हमीपत्र बनावट असून मयताने असा कोणताही मजकूर वाचलेला अथवा समजून घेतलेला नाही. मी ते बिनचूक टाइप केलं.

सरांना पक्कं वाटत होतं की सही आधीची आणि मजकूर नंतरचा आहे. बायकोनेही सांगितलं होतं की कामाला लावताना कोऱ्या कागदावर सही घेतली होती. पण दाखवायचं कसं? भिंग घेऊन सरांनी तो कागद किती वेळ पाहिला. एक अक्षर, एक काना जरी सहीवर चढला असता, तर आधी शाई की आधी मजकूर हे तपासायला पाठवता आलं असतं. चढलेला नव्हता. ज्याने बसवलाय त्याचा हात फार सफाईदार आहे, असं सर म्हणाले. माझ्या कामाची त्यांनी केलेली ती पहिली स्तुती.

मग त्यांनी टायपिस्ट शोधायचा ठरवला. दुपारी कागदाची प्रत घेऊन ते आमच्या रांगेत आले आणि मलाच बरोबर घेतलं, तू या लोकांना ओळखतेस म्हणून. एकेका टेबलासमोर आम्ही दोघं उभे राहायचो, सर कागद पुढे करायचे, हे कुणाचं काम वाटतं? रांगेतल्या प्रत्येकाने ती दुहेरी रेघ ओळखली. प्रत्येकाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरांना सांगितलं की कल्पना नाही, साहेब. माझ्या शेजारी बसणारे काका, ज्यांनी मला ती दुहेरी रेघ मारायला शिकवली होती, त्यांनी तर कागद उलटसुलट करून पाहिला आणि हे खेडच्या बाजूचं काम दिसतंय असं सांगून टाकलं. सर दोन दिवस खेडच्या कोर्टाबाहेर फिरून आले. साठी उलटलेला माणूस, मधुमेहाचा. मी त्यांना डबा करून दिला होता.

नंतर एकदा त्या नवव्या माणसाची बायको माझ्या टेबलाशी येऊन बसली. सरांना यायला वेळ होता. तिच्याकडे तो कागद होता, घडी घालून घालून मऊ पडलेला. तिला वाचता येत नव्हतं. सगळे म्हणतात त्या दोन ओळी कुठल्या, आणि त्यांत काय लिहिलंय, ते मला नीट वाचून दाखवा, असं ती म्हणाली. मी वाचलं. माझ्या तोंडून माझंच वाक्य तिने ऐकलं. तिने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

“म्हंजी त्याला कुनी धाडलं न्हाई, त्यो आपल्या पायानं मरायला गेला, आसं लिवलंय,” ती म्हणाली. “माज्या दोन्ही पोरी शाळंत जात्यात, ताई. पैसं मिळो नगं मिळो. पर उद्या त्यांनी ह्ये वाचलं तर त्येंला वाटंल, बाप येडा होता. येवढं खोडून द्या म्हनावं कोर्टाला.”

तिला हवं होतं ते एवढंच, आणि सरांना हवं होतं तेही तेच. त्याला कुणीतरी पाठवलं होतं, हे लिहून मिळावं. आणि ते लिहून मिळण्याच्या आड माझ्या दोन ओळी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना सांगितलं. उभं राहून सांगितलं, कारण बसून सांगायची हिंमत नव्हती. ठेकेदार, नऊ कागद, खाली केलेली सही, उरलेली जागा, सगळं. मला वाटलं फायली अंगावर येतील. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विचारलं, किती वेळ लागला लिहायला? मी म्हटलं, दहा मिनिटं. “चांगलं लिहिलंयस,” ते म्हणाले. “मी असतो तर मलाही याहून घट्ट लिहिता आलं नसतं.” त्यापेक्षा त्यांनी मला मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

मग ते वकील झाले. कोर्टात हे सांगशील का? माझा धंदा जाईल, रांगेतले तोंड बघणार नाहीत, कोऱ्या सहीवर टाइप केल्याबद्दल माझ्यावरच काही शेकेल, हे सगळं त्यांनीच मोजून सांगितलं. मी हो म्हटलं. त्या एका होमुळे मी स्वतःला पुष्कळ दिवस माफ करत होते. वाटत होतं, गाठ मी मारली, मीच सोडवीन.

साक्षीच्या दिवशी ठेकेदार मागच्या बाकावर बसला होता. मी आत गेले तेव्हा त्याने सवयीने नमस्कार केला. मी सगळं सांगितलं. सरांनी विचारलं त्याची उत्तरं दिली आणि मनातून मोकळी झाले. मग समोरचा वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. त्याने आधी विचारलं, या सरांकडे तुम्ही किती वर्षं कामाला आहात? अकरा. तुमचं घर त्यावर चालतं? काही अंशी. तुमच्याकडे त्या दिवशी हे नऊ कागद आले होते याची नोंद, पावती, काही? नाही, आमच्यात पावती नसते. मूळ फाइल? दुसऱ्याच दिवशी पुसली होती, मी तशा फाइली ठेवत नाही. म्हणजे तुमच्या शब्दापलीकडे काही नाही. नाही.

मग त्याने आवाज आणखी खाली आणला. तुम्ही आणि मयत एकाच समाजाचे का? मी म्हटलं, नाही, तो वेगळ्या समाजाचा. पण दोघंही अनुसूचित जातींतले? हो. आणि तुमचे सर? हो. म्हणजे या दाव्यात तुमच्या सगळ्यांचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे असं म्हणायला हरकत नाही? सर हरकत घ्यायला उठले. मला मध्येच बोलावंसं वाटलं, की जिव्हाळा असता तर मी त्या ओळी लिहिल्या असत्या का? पण साक्षीदाराला विचारलं तेवढंच बोलायचं असतं. मी हो म्हटलं.

निकाल पुढच्या वर्षी आला. सरांनी मोठ्याने वाचला, बाई दाराशी उभी होती. कोर्टाने तिच्याबद्दल सहानुभूती व्यक्त केली होती आणि कंपनीने माणुसकीच्या भावनेतून काही रक्कम द्यावी असं म्हटलं होतं. त्याला टाकीत उतरायला कुणी सांगितल्याचं शाबीत होत नव्हतं. हमीपत्र विश्वासार्ह होतं, आणि माझ्या दोन ओळी अवतरणात, ठळक अक्षरांत, जशाच्या तशा घातल्या होत्या. टायपिस्टची साक्ष विश्वासपात्र नव्हती, कारण ती वादीच्या वकिलांकडे दीर्घकाळ काम करणारी आणि त्यांच्याच सामाजिक वर्गातली होती. आणि पुढच्याच परिच्छेदात म्हटलं होतं की या प्रकरणात जातीचा प्रश्न उपस्थित होत नाही.

सर ते वाक्य वाचून हसले. इतक्या वर्षांत निकालात जात यावी म्हणून झगडलो, ते म्हणाले, आली एकदाची, पण तुला खोटं ठरवायला आली. बाईने विचारलं, त्ये खोडलं का? सरांनी निकालाची घडी घातली. मग मीच सांगितलं की नाही खोडलं, आता ते कोर्टाच्या कागदातही आलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. साक्षीनंतर तिला सगळं कळलं होतंच. माझ्यावर ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. ती जिना उतरून गेली आणि पुन्हा सरांकडे आली नाही. अपिलाच्या कागदांवर तिची सही घ्यायला सरच तिच्या खोलीवर गेले. कोऱ्या कागदावर सही करणार नाही, आधी सगळं वाचून दाखवा, असं तिने त्यांना सांगितलं.

सरांनी मला काढलं नाही. पण आता मी टाइप केलेलं प्रत्येक पान ते सहीपर्यंत बोट फिरवत वाचतात. ते बरोबरच आहे, तरीही लागतं. वरच्या कोर्टात नंबर लागायला काळ जाईल, तोवर सरांची तब्येत टिकेल का ते माहीत नाही.

दुपारचं टेबल मी अजून लावते. रांगेतल्यांनी वाळीत टाकलं नाही, उलट साक्ष दिल्याचं कुणाला फारसं वाटलंच नाही, हरलेल्या साक्षीचं कोण मनावर घेतो? कोऱ्या सहीचं काम मात्र मी सोडलं. तळवड्याचा एक ठेकेदार मागच्या महिन्यात आला. मोबाइलवर त्याने एक फोटो दाखवला. तोच कागद, कोपऱ्यात कोर्टाची निशाणी पडलेला, खाली ती एकेक अक्षर काढलेली सही. त्यांच्या ग्रुपवर फिरत होता. म्हणाला, “ताई, हे कोर्टात टिकलंय. असंच करून द्या, नाव तेवढं बदला.”

मी नाही म्हटलं. त्याला राग आला नाही, तो शेजारच्या काकांच्या टेबलाकडे वळला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. करू का, असं तोंडाने विचारलं नाही, पण विचारलं. माझ्यासाठी सरांच्या तोंडावर खोटं बोललेला माणूस तो. मी खाली मान घालून समोरचा भाडेकरार टाइप करत राहिले. काकांनी फोटोवरून मजकूर उतरवून घेतला, सहीच्या वर बसवला आणि सवयीप्रमाणे खात्रीसाठी नवं नाव मोठ्याने वाचलं. आडनाव ऐकलं आणि कळलं, आता कुणाला उतरवणार ते.